चुंबकाने ताठर होणारं रबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, रबर मोल्डिंगचे छोटे कारखानदार आणि काही विज्ञान शिक्षक पाठवत असतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. या पदार्थाचं पूर्ण नाव मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल इलॅस्टोमर. इथे सगळीकडे ‘एमआर रबर’ म्हटलं आहे.

१. एमआर रबर म्हणजे नेमकं काय? फ्रिजच्या दारात चुंबकी पट्टी असते, तेच का?

नाही. फ्रिजच्या दाराच्या पट्टीत फेराइटची पूड असते आणि ती कारखान्यातच कायमची चुंबकीय केलेली असते. तिचं काम फक्त दार चिकटवून ठेवण्याचं. एमआर रबरात मऊ सिलिकोन, नैसर्गिक रबर किंवा पॉलियुरेथेन घेऊन त्यात शुद्ध लोहाचे अतिबारीक कण मिसळतात. हे लोह स्वतः चुंबक नसतं. बाहेरून चुंबकक्षेत्र लावलं की तेवढ्यापुरतं ते चुंबक बनतं आणि रबर ताठर होतं. क्षेत्र काढलं की रबर पुन्हा मऊ. क्षेत्र कमीजास्त केलं तर ताठरताही त्याबरोबर बदलते, आणि या पदार्थाचं सगळं महत्त्व त्यातच आहे.

२. चुंबक आणल्यावर आत काय घडतं?

क्षेत्रात आलेला प्रत्येक कण छोटा चुंबक होतो. एकाचा उत्तर ध्रुव शेजारच्याच्या दक्षिण ध्रुवाकडे ओढला जातो, त्यामुळे क्षेत्राच्या दिशेने कणांच्या रांगा धरल्या जातात. रबराने कणांना जखडलेलं असल्याने ते फार सरकू शकत नाहीत. अशा वेळी तुम्ही तुकडा बाजूला ओढलात, म्हणजे त्याला कातर ताण दिलात, तर या रांगा तिरक्या होतात आणि कणांमधलं अंतर वाढतं. कणांना ते नको असतं, ते परत खेचतात. रबराच्या स्वतःच्या लवचीकतेत ही चुंबकी ओढ मिळवली जाते, आणि आपल्याला ती वाढलेली ताठरता म्हणून जाणवते.

दोन कणांमधला हा जोर अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं तर जोर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून लोहाचं प्रमाण (प्रश्न ४) आणि कणांची रचना (प्रश्न ६) यांवर एवढा खल होतो. बदल मिलिसेकंदांत होतो. व्यवहारात उशीर रबराकडून क्वचितच होतो, बहुतेक वेळा तो कॉइलकडून होतो, कारण कॉइलमधला करंट चढायलाच वेळ लागतो.

३. लेथवरचा लोखंडी कीस चालेल का? कार्बोनिल लोहच का आणायचं?

कीस वापरू नका. तो जाडाभरडा असतो, त्याला कटिंग ऑइल लागलेलं असतं आणि ते सिलिकोनच्या क्युअरिंगमध्ये, म्हणजे पक्कं होण्यात, अडथळा आणू शकतं. शिवाय कीस कडक पोलादाचा असेल तर तो थोडं चुंबकत्व धरून ठेवतो, मग क्षेत्र काढल्यावर रबर पूर्ववत होत नाही.

कार्बोनिल लोहाची पूड आयर्न पेंटाकार्बोनिल या संयुगाच्या वाफेचं उष्णतेने विघटन करून बनवतात. १९२०च्या दशकात जर्मनीतल्या बीएएसएफने ही पद्धत विकसित केली. कण जवळजवळ गोल, साधारण १ ते १० मायक्रॉनचे, लोह अतिशय शुद्ध. ते पटकन चुंबकीय होतं आणि तितक्याच पटकन चुंबकत्व सोडतं.

याला एक अपवाद आहे. स्वीडनमधल्या लोकांडर आणि स्टेनबर्ग यांनी २००३मध्ये मुद्दाम मोठ्या आणि ओबडधोबड आकाराच्या शुद्ध लोहकणांचं रबर तपासलं. साच्यात चुंबक न लावताही त्यात चांगला परिणाम मिळाला. पण तेही शुद्ध लोह होतं, वर्कशॉपचा कीस नव्हे.

४. लोह किती टक्के टाकायचं?

आकारमानाने सुमारे ३० टक्के. हा ‘आकारमानाने’ शब्द वाचायचा राहतो आणि प्रोजेक्ट तिथेच बिघडतो, म्हणून हिशेबच मांडतो.

लोहाची घनता साधारण ७.८६, सिलिकोनची १.१ धरा. १०० ग्रॅम सिलिकोन म्हणजे सुमारे ९१ घनसेंटिमीटर. मिश्रणात ७० भाग सिलिकोन आणि ३० भाग लोह हवं, म्हणजे लोह ३९ घनसेंटिमीटर. वजनात ते ३०० ग्रॅमच्या थोडं वर जातं. म्हणजे वजनाने पाहिलं तर मिश्रणाचा तीन-चतुर्थांश भाग लोह आहे! ३० टक्के वजनाने टाकलंत तर आकारमानाने जेमतेम सहा टक्के भरतात. कण एकमेकांपासून इतके लांब राहतात की परिणाम मोजायलाही कष्ट पडतात.

याहून जास्त लोह घातलं तर चुंबकाशिवायची ताठरताच भराभर चढते आणि बदलाचं प्रमाण घटतं. फोर्ड कंपनीचे संशोधक डेव्हिस यांनी १९९९मध्ये गणिताने काढलेला सर्वोत्तम आकडा २७ टक्के होता. प्रयोगांतले आकडेही त्याच्याच आसपास येतात.

५. एका पेपरमध्ये ४० टक्के वाढ लिहिली आहे, दुसऱ्यात १६०० टक्के. खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. टक्केवारी कशाच्या तुलनेत काढली, ते पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. या विषयातली सर्वांत मोठी गल्लत हीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा एका रबराचा कातर मापांक, म्हणजे कातर ताणाखालच्या ताठरतेचं माप, १ मेगापास्कल आहे आणि क्षेत्रात तो १.३ झाला. वाढ ३० टक्के. दुसरा पदार्थ जेलीसारखा मऊ, १० किलोपास्कलचा. क्षेत्रात तो १०० किलोपास्कल झाला. वाढ ९०० टक्के. ऐकायला दुसरा कितीतरी सरस वाटतो. पण प्रत्यक्ष भर किती पडली? पहिल्यात ३०० किलोपास्कलची, दुसऱ्यात फक्त ९०ची. इंजिनखालच्या माउंटिंगला पहिला उपयोगी, दुसरा इंजिनाच्या वजनानेच चपटा होईल. उलट, हलक्या सेन्सरखाली किंवा पेशींच्या प्रयोगात दुसराच हवा.

चुंबकी भरीला निसर्गाचीच मर्यादा आहे. लोह साधारण २.१ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं एकक) संपृक्त होतं, त्यापुढे ते आणखी चुंबकीय होत नाही. लॉर्ड कॉर्पोरेशनमधल्या जॉली, कार्लसन आणि मुन्योझ यांनी १९९६मध्ये ३० टक्के लोहाच्या रबरात मिळवलेली भर सुमारे ०.६ मेगापास्कल होती. साध्या रबरात काम करताना हा आकडा डोक्यात ठेवा. टक्केवारी फुगवायची तर मूळ रबर मऊ करायचं, एवढाच मार्ग उरतो.

दुसरी अट विकृतीची, म्हणजे नमुना किती टक्के ताणला त्याची. विकृती अगदी थोडी, एक टक्क्याच्या आत असेल तर परिणाम ठळक दिसतो. ती वाढत गेली की कणांमधली अंतरं वाढतात आणि परिणाम विरत जातो. लोहाने भरलेलं रबर चुंबकाशिवायही मोठ्या विकृतीला मऊ पडतं, त्याला पेन परिणाम म्हणतात. तेव्हा कोणताही आकडा वाचताना तीन गोष्टी शोधा: मूळ मापांक, क्षेत्र किती टेस्ला, विकृती किती टक्के. तीनपैकी एक जरी दिली नसेल तर त्या आकड्यावर आपलं डिझाइन उभं करू नका.

६. साचा चुंबकात ठेवूनच रबर पक्कं करायला हवं का?

सक्ती नाही, पण फायदा आहे. रबर ओलं असताना क्षेत्र लावलं तर कण रांगांमध्ये जमतात आणि क्युअर झाल्यावर तसेच कायम राहतात. रांगेतले कण एकमेकांच्या जवळ असल्याने तेवढ्याच लोहात परिणाम वाढतो. अशा रबराला दिशा असते. वापरतानाही क्षेत्र रांगांच्या दिशेनेच यायला हवं आणि कातर त्याला आडवा. तुकडा चुकीच्या बाजूने बसवला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून साच्यातून काढण्याआधीच तुकड्यावर बाणाची खूण करून ठेवा.

चुंबकाशिवाय पक्कं केलेलं रबर सगळ्या दिशांना सारखं वागतं आणि बनवायला सोपं पडतं. कारखान्यात मोठ्या संख्येने करायचं असेल तर माझं मत याच्याच बाजूने आहे. प्रत्येक साच्याभोवती ताकदीचं इलेक्ट्रोमॅग्नेट उभं करणं छोट्या युनिटला परवडत नाही.

७. कॉलेजच्या लॅबमध्ये बनवायची पद्धत सांगाल का?

साध्या तापमानाला पक्कं होणारं दोन भागांचं मऊ सिलिकोन घ्या. लोहाची पूड आधी फक्त एका भागात मिसळा. पहिली काही मिनिटं हे जमेलसं वाटतच नाही. पूड वर कोरडी तरंगते, गुठळ्या होतात, काठी अडते. ढवळत राहिलं की अचानक सगळं एकजीव होतं आणि शिशासारखा चकाकणारा, इडलीच्या पिठाहून घट्ट राखाडी लगदा तयार होतो. फारच घट्ट वाटला तर थोडं सिलिकोन तेल घाला. त्याने रबर मऊही होतं, पण तेल जास्त झालं तर काही महिन्यांत ते पृष्ठभागावर पाझरू लागतं.

मग लगदा व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवा. हवा निघताना तो फुगून वर चढतो आणि मग एकदम खाली बसतो, म्हणून भांडं लगद्याच्या चौपट तरी मोठं घ्या. दुसरा भाग मिसळून पुन्हा थोडा वेळ व्हॅक्यूम द्या आणि साच्यात ओता. साचा अॅल्युमिनियमचा किंवा अॅक्रिलिकचा असावा. लोखंडी नको.

प्लॅटिनमने क्युअर होणाऱ्या सिलिकोनला गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन्स यांचं वावडं असतं. म्हणून लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, नायट्राइल घाला. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटेड साच्यातही सिलिकोन कडेने चिकट राहिल्याच्या तक्रारी येतात. पातळ सिलिकोनमध्ये लोह तळाशी बसतं, तेव्हा पक्कं होईपर्यंत साचा अधूनमधून उलटवत राहा.

सुरक्षिततेचं एक: इतकी बारीक धातूची पूड ज्वलनशील असते. जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, पंखा बंद, तोंडाला चांगला मास्क.

८. नमुना छान झाला, नियोडिमियम चुंबक जवळ नेला, बोटाने दाबून पाहिलं. काहीच फरक नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. एकतर वीस-तीस टक्के बदल बोटाला कळत नाही. दुसरं म्हणजे छोट्या चुंबकाचं क्षेत्र त्याच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवरच पार कोसळतं. नमुन्याच्या दोन्ही बाजूंना चुंबक हवेत आणि त्यांना मागून जोडणारी जाड एमएसची (माइल्ड स्टीलची) चौकट हवी, म्हणजे चुंबकी मार्ग पूर्ण होतो.

इलेक्ट्रोमॅग्नेट करायचं असेल तर अंदाज असा बांधा: १० मिलिमीटरच्या हवेच्या फटीत अर्धा टेस्ला हवा असेल तर सुमारे ४००० अँपिअर-टर्न लागतात. म्हणजे २ अँपिअर आणि २००० वेढे. फटीत हवेऐवजी एमआर रबर असेल तर गरज काहीशी कमी होते. फट निम्मी केली की आकडाही निम्मा होतो. म्हणून रबर जितकं पातळ ठेवता येईल तितकं ठेवा. खरं सांगायचं तर या विषयात रबर बनवणं हा सोपा भाग आहे. पैसा, वजन, वीज आणि डोकेदुखी, सगळं चुंबकाच्या बाजूला असतं.

९. कॉइलला थेट मेनचा एसी दिला तर चालेल ना? लोहाला दिशेचं काय?

लोहाला दिशेने फरक पडत नाही हे बरोबर, पण म्हणूनच एसी चालत नाही. ५० हर्ट्झच्या करंटमध्ये क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा शिखर गाठतं आणि शंभर वेळा शून्यावर येतं. रबर तेवढ्याच वेगाने ताठर-मऊ होत राहतं आणि स्वतःच १०० हर्ट्झची कंपनं निर्माण करतं. वर कॉइलच्या भरीव लोखंडी कोअरमध्ये भोवरी प्रवाह (एडी करंट) होऊन तो तापतो. चांगला फिल्टर केलेला डीसी पुरवठाच वापरा.

१०. आमच्या दाब-चाचणीत ताठरता तिप्पट झाली. गाइड म्हणतात, शक्य नाही.

गाइडची शंका रास्त आहे. अर्धा टेस्लाला दोन ध्रुवांमधली ओढ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे १०० किलोपास्कलच्या घरात जाते. तुमचं मऊ सिलिकोन त्याहून मऊ असू शकतं. म्हणजे तुम्ही मशीन चालवण्याआधीच ध्रुवांनी नमुना दाबलेला असतो, आणि मशीनमधला जोर मोजणारा लोड सेल रबराच्या ताठरतेबरोबर ही ओढही मोजतो. मशीनचे पोलादी जबडे ओढले गेले तर ते आणखी वेगळं.

फिक्श्चर अॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं करा. नमुना नसताना नुसतं क्षेत्र लावून लोड सेल काय दाखवतो ते आधी नोंदवा. आणि शक्य असेल तर दाबाऐवजी कातर चाचणी करा, दोन तुकडे मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटवून. त्यात दोन्ही बाजूंची ओढ बरीचशी एकमेकींना छेद देते. त्यानंतरही तिप्पट आलं, तर मूळ मापांक काय होता ते पाहा (प्रश्न ५).

११. एमआर द्रव आणि एमआर रबर यांत फरक काय? गाड्यांमध्ये कोणतं असतं?

गाड्यांमध्ये द्रव असतो. तेलात लोहकण असलेला हा द्रव अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जेकब रॅबिनो यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस क्लचसाठी शोधला. त्यावर चालणारे शॉक अॅब्सॉर्बर २००२च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आले. चीनमधल्या डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल्सची थरथर थांबवायलाही तो वापरला आहे, आणि आइसलंडच्या ओसुर कंपनीच्या कृत्रिम गुडघ्यातही.

द्रव ऊर्जा शोषतो, तो डँपर आहे. रबर प्रामुख्याने ताठरता बदलतं, ते स्प्रिंग आहे. द्रवात कण खाली बसतात, सील गळू शकतात. रबरात हे दोन्ही प्रश्न नाहीत. पण द्रवाला मोठी हालचाल झेपते, रबराला नाही. फोर्डच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात सस्पेन्शनच्या बुशसाठी एमआर रबर वापरून पाहिलं होतं. एकंदरीत रबराचा वापर अजून प्रयोगशाळा आणि नमुना यंत्रं इतकाच आहे, हे विद्यार्थ्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावं.

१२. भूकंपात इमारत वाचवायला हे वापरता येईल का? किल्लारीला हे असतं तर?

किल्लारीचं उत्तर आधी देतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं गेली ती जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याची जड छपरं अंगावर कोसळल्याने. तिथे गरज होती नीट बांधलेल्या भिंतींची, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या जोडदगडांची आणि आडव्या पट्ट्यांची. पायाखालचे रबरी आयसोलेटर, म्हणजे इमारतीला जमिनीच्या हादऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या गाद्या, हा त्या घरांवरचा इलाज नव्हता, आजही नाही.

रुग्णालयासारख्या मोठ्या इमारतींसाठी मात्र रबरी आयसोलेटर खरोखर वापरतात. २००१च्या भूकंपानंतर भुजचं रुग्णालय शिसं घातलेल्या रबरी आयसोलेटरवर पुन्हा बांधलं. पण साधा आयसोलेटर एकाच ताठरतेचा असतो आणि प्रत्येक भूकंपाचा हादरा वेगळ्या चालीचा. हादरा पाहून ताठरता बदलणारा आयसोलेटर हवा, इथून एमआर रबराचा विचार सुरू होतो. सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या गटाने २०१३मध्ये अतिमऊ एमआर रबराचे आणि पोलादाचे पातळ थर एकावर एक रचून आडवी ताठरता सोळा पटींहून अधिक वाढवून दाखवली. पोलादी थर चुंबकी मार्गाचाच भाग होते, हे त्या रचनेचं मर्म आहे.

१३. ऐन वेळी वीज गेली तर? आणि चुंबकाने रबर ताठरऐवजी मऊ करता येतं का?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. चुंबकी मार्गात कॉइलसोबत कायमचा चुंबक बसवायचा. मग वीज नसतानाही रबर मधल्या ताठरतेवर राहतं. कॉइलचं क्षेत्र कायमच्या चुंबकाच्या दिशेने दिलं की आणखी ताठर, उलट दिल्यास मऊ. वीज गेल्यावर कोणती अवस्था सुरक्षित हे यंत्रावर ठरतं, आणि डिझाइनची सुरुवात तिथूनच करावी. उलट करंट किती द्यायचा यालाही सीमा आहे: क्षेत्र शून्याच्या पलीकडे गेलं की रबर पुन्हा ताठर व्हायला लागतं, कारण लोहाला दिशा कळत नाही (प्रश्न ९).

१४. चुंबकाने सरपटणारे, उड्या मारणारे छोटे रोबो दिसतात, ते याच रबराचे का?

नात्यातले, पण वेगळे. त्यांत मऊ लोहाऐवजी नियोडिमियम-लोह-बोरॉनची पूड असते आणि ती ठरावीक नमुन्यात कायमची चुंबकीय केलेली असते. बाहेरचं क्षेत्र फिरवलं की प्रत्येक भाग आपापल्या दिशेने वळतो आणि रबराचा आकार बदलतो. एमआयटीमधल्या गटाने २०१८मध्ये असे आकार थ्रीडी प्रिंट करून दाखवले आणि पुढे रक्तवाहिनीतून वाट काढू शकेल अशी बारीक तार बनवली. तिथे लक्ष्य आकाराचं, इथे ताठरतेचं.

१५. एमआर रबर किती टिकतं? लोह गंजणार नाही का?

सिलिकोनमध्ये नीट बुडलेलं लोह बराच काळ टिकतं. कापलेल्या कडांना उघडे कण असतात, दमट कोकणी हवेत तिथे तांबूस डाग दिसतात. त्या कडांवर शुद्ध सिलिकोनचा पातळ हात फिरवा. नैसर्गिक रबरात प्रश्न गंभीर होतो: लोहाचे क्षार रबराच्या ऑक्सिडेशनला वेग देतात आणि रबर अकाली म्हातारं होतं. म्हणून कणांवर सिलेनचा लेप देतात, त्याने रबराची पकडही सुधारते, आणि अँटिऑक्सिडंट वाढवतात.

उष्णतेची भीती लोहाला नाही, त्याचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. कॉइलच्या उष्णतेने रबरच मऊ पडतं आणि मिळवलेली ताठरता त्यात जाते. दीर्घ चाचणीत नमुन्याचं तापमान नोंदवत राहा.

अतिशय मऊ रबरात आणखी एक गोष्ट दिसते. क्षेत्रात असताना बदललेला आकार क्षेत्र काढेपर्यंत तसाच धरून राहतो, कारण कणांचे पुंजके एकमेकांत अडकतात. हा दोष नव्हे, त्या पदार्थाचा स्वभाव आहे.

१६. पेसमेकर किंवा एमआरआय असेल तर धोका आहे का?

नुसत्या रबराचा पेसमेकरला धोका नाही, पण त्याच्यासोबतच्या ताकदीच्या चुंबकापासून पेसमेकर असलेल्या व्यक्तीने लांबच राहावं. एमआरआयच्या खोलीत एमआर रबराचा तुकडा कधीही नेऊ नका. त्यात तीन-चतुर्थांश वजन लोहाचं आहे, तो जोराने ओढला जाईल.

१७. शेवटच्या वर्षासाठी झेपेल असा प्रोजेक्ट सुचवा.

मोटरचं कंपन शोषणारा, ट्यून करता येणारा शोषक. एका वजनाला एमआर रबराच्या दोन तुकड्यांवर टेकवायचं आणि मोटरच्या पायावर बसवायचं. वजनाची नैसर्गिक वारंवारता मोटरच्या फेऱ्यांशी जुळली की कंपन वजनाकडे जातं, पाया शांत होतो. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, असेल तर वेग बदलतो आणि साधा शोषक निकामी ठरतो. इथे करंट वाढवून पुन्हा जुळवायचं.

वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाने बदलते. मिनिटाला १२०० फेऱ्यांपासून १४४०पर्यंत, म्हणजे २० ते २४ हर्ट्झ जायचं तर ताठरता १.२च्या वर्गाइतकी, म्हणजे ४४ टक्के वाढायला हवी. हे चांगल्या रांगा धरलेल्या मऊ सिलिकोनमध्ये मिळू शकतं. १२०० ते २४०० फेऱ्यांचं उद्दिष्ट ठेवलंत तर ताठरता चौपट लागेल, ते टाळा. मोजायला पायावर चिकटवलेला एक साधा अॅक्सिलरोमीटर पुरतो. रबराची जाडी चार-पाच मिलिमीटरच्या वर नेऊ नका आणि कॉइल गुंडाळायला पहिल्या सत्रातच घ्या.